फाटकापाशी थांबलेलं जेवण

आमच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये नियम पुष्कळ होते. बूटच घालायचे, चपला चालणार नाहीत. पाणी ज्याचं त्याने आणायचं. वाटेत फाटक लागलं की शेवटच्या माणसाने ते ओढून लावायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. हे सगळे नियम कधी ना कधी कोणीतरी मोडले. एक मात्र कधीच मोडला नाही, आणि तो कोणी सांगितलेलाही नव्हता. सगळे पोचल्याशिवाय कोणी डब्याला हात लावायचा नाही.

फाटक लावायचं काम माझं. कारण शेवटी मीच असायची.

मी इंग्लंडात स्लाऊला आले ती मुलाकडे, नातवाला सांभाळायला. तो शाळेत जायला लागला आणि माझा दिवस मोकळा झाला. दुपारी खिडकीत बसायचं, समोरच्या घरातली कुंडी बघायची. बाहेर जायला मला धीर व्हायचा नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे इंग्रजी येत नाही हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला मराठीतसुद्धा चार माणसांत बोलता यायचं नाही. कोणी काही विचारलं की उत्तर तोंडाशी यायचं, आणि तोवर विचारणारा पुढे गेलेला असायचा.

सून हे ओळखून होती. ती एकदा म्हणाली, "आई, रविवारी आमच्याबरोबर वॉकला चला. नुसतं चालायचं असतं. कोणाशी बोलायची काही जबरदस्ती नाही."

"माझ्यामुळे तुम्हाला उशीर होईल."

"होऊ दे. आमच्यातल्या दोघी तर दर दहा मिनिटांनी फोटो काढतात."

म्हणून गेले. स्लाऊ, मेडनहेड आणि आजूबाजूची मराठी मुलंमुली होती, बहुतेक कंप्युटरच्या नोकरीतली. महिन्यातून एका रविवारी सगळे मिळून एका लांबलचक पायवाटेचा थोडा थोडा भाग चालायचे. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. त्या वाटेला रिजवे म्हणतात. सुरुवातीला ती उघड्या माळावरून जाते. गवत आणि आभाळ, मध्ये काही नाही. पुढे पुढे जंगलं लागतात, आणि शेवटी पुन्हा गवताच्या टेकड्या. माती खडूसारखी पांढरी. संध्याकाळी सगळ्यांचे बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. रस्ता चुकू नये म्हणून खांबाखांबावर ओक झाडाच्या फळाचं चित्र असतं, टोपी घातलेल्या सुपारीसारखं. ते दिसलं की बरोबर चाललोय असं समजायचं.

पुढे पुण्याचा एक मुलगा असायचा. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा. सगळे त्याला लीडर म्हणायचे आणि त्याची थट्टा करायचे, पण त्याचं ऐकायचे.

मी मागची जागा धरली, कारण शेवटच्या माणसाला कोणी काही विचारत नाही. समोरून येणारे इंग्रज लोक ओळख नसली तरी हॅलो म्हणतात. ते माझ्यापर्यंत येईतो त्यांचं हॅलो म्हणून झालेलं असायचं. मी नुसती मान हलवायची.

पण पहिल्याच रविवारी ती मागची जागा वाटून घ्यावी लागली. नागपूरची एक बाई, मेडनहेडला मुलाकडे राहणारी, माझ्याच वयाची. तिचा एक गुडघा धरायचा म्हणून ती मागे पडायची. पायाने मागे, तोंडाने मात्र सगळ्यांच्या पुढे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती जय भीम म्हणायची. इंग्रज गुड मॉर्निंग म्हणाला तरी ही जय भीम. एक म्हातारा तर हसून तिच्यासारखाच हात जोडून गेला.

पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तुम्ही बोलत काहून नाही हो ताई? रागावल्या का आमच्यावर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग ठीक आहे. मी बोलते, तुम्ही ऐका. मला ऐकणारं माणूस पाहिजेच होतं. घरी सगळे कानात वायर घालून बसून राहतात."

असं ती बोलत गेली आणि मी ऐकत गेले. तिचा दवाखान्यातला आयाबाईच्या नोकरीचा काळ, तिची सून, नागपूरचं ऊन. दोन-तीन महिन्यांनी मी मध्ये मध्ये "हो का" म्हणायला लागले. उन्हाळ्यात एकदा मी तिला माझ्या माहेरच्या विहिरीत पडलेल्या रेडकाची गोष्ट पूर्ण सांगितली. सांगून झाल्यावर मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, "अवो, तुम्हाला तर सारं येते!" त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो.

तिची एक मोठी बहीण नागपूरला होती. चालायच्या प्रत्येक रविवारी रात्री ही तिला फोन करून सांगायची, आज कुठपर्यंत आलो. बहीण खवचट. ती म्हणायची, अर्धा रस्ता तर कोणीही चालते, पूर्ण चाललीस तर सांग. नागपूरहून कोणी येणार होतं त्याच्या हाती तिने संत्र्याच्या बर्फीचा डबा पाठवला आणि बजावलं, रस्ता संपेल तिथंच उघडायचा, आधी उघडलास तर मला कळेलच.

"तिला कसं कळणार?" मी विचारलं.

"तिला कळते. लहानपणापासून कळते."

सप्टेंबरात शेवटचा टप्पा राहिला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिच्या मुलाची इथली नोकरी संपली आणि घरदार आवरून सगळे नागपूरला परतणार असं ठरलं. विमान गुरुवारी. म्हणजे तिच्याकडे हा एकच रविवार होता. तिने सगळे टप्पे केले होते, एकही चुकवला नव्हता. त्या दिवशी वाट संपते त्या टेकडीवर पोचली तर रस्ता पूर्ण, नाहीतर मग कायमचा अर्धा.

सकाळी मिनीबसने आम्हाला वेंडोव्हरला सोडलं. बस चालवणारा स्लाऊचाच सरदारजी होता. संध्याकाळी शेवटच्या टेकडीखालच्या पार्किंगमध्ये तो आम्हाला घेणार होता, पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की त्यानंतर त्याला हीथ्रोवर पॅसेंजर आणायला जायचंय, उशीर चालणार नाही.

लीडरने नेहमीसारखं सामान वाटून दिलं. जड डबे तरुणांच्या पाठीवर, हलके आमच्या. म्हणजे मटकीची उसळ, वांग्याची भाजी, दही हे त्यांच्याकडे, आणि चपात्या, ठेचा आमच्या दोघींकडे. बर्फीचा डबा तिने स्वतःच्या पिशवीत तळाशी ठेवला होता आणि दर चढावर हात घालून चाचपून बघत होती.

जंगल फार छान होतं. उंच गुळगुळीत खोडं, वर पानं पिवळी पडायला नुकती लागलेली, आणि उजेड असा हिरवट की सगळ्यांचे चेहरे निराळे दिसत होते. थोडं चालल्यावर एक फाटा लागला. त्या बाजूला, आत, कॉफी मिळते असं कोणीतरी सांगितलं, आणि तरुण मंडळींचे पाय तिकडे वळले.

"काकू, तुम्ही दोघी सरळ चालत राहा," लीडर म्हणाला. "तुम्ही स्लो आहात, आम्ही कॉफी घेऊन तुम्हाला गाठतोच. लंचला जंगल संपतं तिथे फाटक आहे, तिथे थांबा. ते फळाचं चित्र सोडू नका."

सुनेने नवीन बूट घातले होते आणि तिची टाच सोलली होती. तिलाही जरा बसायचं होतं, म्हणून ती त्यांच्याबरोबर गेली.

आम्ही दोघी पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होतो. मैत्रिणीला त्याचा फार आनंद झाला. "बघ, आता आपण लीडर," ती म्हणाली. पुढे जंगल संपलं, एक फाटक लागलं, शेजारी बाक. समोर अरुंद डांबरी रस्ता. आम्ही बाकावर बसलो, पाणी प्यायलो आणि वाट बघायला लागलो.

झालं होतं असं. त्या कॉफीवाल्याने मुलांना जवळची वाट दाखवली. त्या वाटेने ती आमच्याही पुढे निघाली. डांबरी रस्त्यापलीकडे जंगल पुन्हा सुरू होत होतं, आणि ते दुसरं जंगल संपतं तिथेही एक फाटक होतं, तिथेही बाक. ती सगळी तिथे जाऊन बसली. त्यांना वाटलं आम्ही मागे आहोत, कारण आम्ही नेहमीच मागे असायचो. आम्हाला वाटलं ते मागे आहेत, कारण ते आमच्या मागे थांबले होते. फोन काढला तर त्यावर रेंजची एकही दांडी दिसत नव्हती.

इकडे आमच्या मांडीवर चपात्यांचा डबा, अजून कोमट. ठेच्याचा वास येत होता.

"एक चपाती खाऊन घेऊ का?" मी विचारलं.

"आणि ते पोरं उपाशी येतील, त्यांच्यासमोर तोंड पुसत बसायचं? काहीतरीच तुझं."

मीही ते मनापासून विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने समोरच्या जंगलातून एक इंग्रज नवराबायको कुत्र्याला घेऊन आले. कुत्रं सरळ आमच्या डब्याकडे. मैत्रिणीने त्यांना जय भीम केला आणि मागच्या वाटेकडे हात करून विचारलं, "माय पीपल? इंडियन? कमिंग?" त्या माणसाने मान हलवली आणि उलट्या बाजूला, ते ज्या जंगलातून आले तिकडे, बोट दाखवलं. बायकोने हाताने बसलेली माणसं दाखवली, मग डबा दाखवला, मग तोंडाशी हात नेऊन मान हलवली. म्हणजे बसलेत, डबे आहेत, पण खात नाहीत.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, ती आपलीच माणसं असतील."

"आपली कशी असतील? आपली तर मागे आहेत नं. ते कोणी दुसरे इंडियन असतील."

"जेवायला बसून न जेवणारे?"

तिने कपाळावर हात मारला आणि जी हसायला लागली ती थांबेचना. आम्ही सामान आवरून उठलो, तेवढ्यात रस्त्यापलीकडून लीडर धावत आला, त्याच्या मागून लंगडत सून.

"काकू! किती वेळ शोधतोय! तुम्ही जेवलात ना निदान?"

"तुम्ही जेवलात?" मैत्रिणीने विचारलं.

"तुमच्याशिवाय कसं जेवणार?"

"मग आम्ही कसं जेवणार?"

"आणि चपात्या कुणाकडे होत्या?" सून म्हणाली. "आम्ही डबा उघडला असता तरी काय, उसळ चमच्याने खाणार होतो का?"

दुसऱ्या फाटकापाशी पोचलो तर सगळे तसेच बसलेले, मध्ये बंद डबे, एकाचं पोट खरोखर वाजत होतं. एवढं चवीने मी कधी जेवले नसेन. ठेचा संपला, चपात्या संपल्या, दह्याचा डबा बोटाने पुसून झाला. हसण्यात आणखी वेळ गेला. लीडरने घड्याळ बघितलं तेव्हा त्याचं हसू गेलं.

पुढची वाट उताराची होती. ट्रिंग स्टेशनजवळच्या रस्त्याला लागलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. तिथून शेवटच्या टेकड्या दिसत होत्या, एकामागे एक, नुसत्या गवताच्या. लीडरने सगळ्यांना थांबवलं.

"मी बसवाल्याला इथेच बोलावलंय. त्याला हीथ्रोला जायचंय. आपल्या स्पीडने वर पोचायला खूप उशीर होईल. राहिलेलं आपण नेक्स्ट मंथमध्ये कम्प्लीट करू."

सगळे दमले होते, दोघांनी तर बूट काढायला सुरुवात केली होती. मग लीडरला आठवलं. तो मैत्रिणीकडे वळला. "काकू, तुमचं गुरुवारचं... सॉरी. असं करू, बसने टेकडीखालच्या पार्किंगपर्यंत जाऊ. तिथून वर जवळ आहे. तुम्हाला हात धरून नेतो, फोटो काढू. चालेल ना?"

"गाडीनं गेली तर बहिणीला काय सांगू?" ती म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि मग म्हणाली, "असू दे बाबा. बहुत झालं. एवढं चालली हेच बहुत."

आणि ती गप्प बसली. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून तिने पिशवी मांडीवर घेतली, आत हात घातला आणि डबा चाचपला. इतक्या महिन्यांत मी तिला गप्प बसलेली बघितली नव्हती. मी वाट बघत होते की आता ती काहीतरी बोलेल, थट्टा करेल, लीडरला हरवेल. ती बोलेना. दुसरं कोणी बोलेल असंही वाटलं. सुनेकडे बघितलं, ती बुटाचे बंद सोडत होती.

"आम्ही चालत जातो," मी म्हटलं.

ते फारच मोठ्याने आलं. बूट काढणाऱ्याचा हात थांबला. सुनेने मान वर केली. मला वाटलं जमीन फाटावी. पण पुढचं वाक्यही तोंडाशी आलेलंच होतं, ते परत जाईना.

"आम्ही दोघी जातो. तुम्ही बस घेऊन तिकडे खाली या. सरदारजींना उशीर होत असेल तर त्यांनी जावं, आम्ही दोघी रात्री कसं यायचं ते बघू."

"काकू, रात्री तिथून काहीच मिळत नाही," लीडर म्हणाला.

"मग बसून राहू."

कोणीतरी फसकन हसलं. सून उभी राहिली आणि एका पायावर तोल सांभाळत म्हणाली, "आई, मी येते."

"तू नको. तुझी टाच बघ आधी."

"आई, तुम्ही ओरडलात माझ्यावर!"

"ओरडले नाही. सांगितलं."

"नाही, छान वाटलं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरची पिशवी उतरवून स्वतःकडे घेतली.

लीडरने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा नकाशाकडे. "मी दोघींना एकटं सोडलं तर घरी आई मला जेवायला घालणार नाही," तो म्हणाला. "चला. मी मागून येतो."

असे आम्ही तिघं निघालो. पायवाट अरुंद होती. गुडघ्यामुळे मैत्रिणीला पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायला लागायचा, म्हणून मी पुढे, ती मध्ये, आणि लीडर शेवटी. फाटकं त्याने लावली. एक फाटक तो विसरला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "लीडर, मेंढ्या!" आणि तो परत पळत गेला. तिचा आवाज परत आला होता.

पुढे चालण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या चढावर समोरून एक माणूस उतरत आला. माझ्यापुढे आता कोणीच नव्हतं, हॅलो मलाच म्हणावं लागणार होतं. तो जवळ आला, हसला, काहीतरी म्हणाला. मी घाईत हात जोडले आणि तोंडातून निघालं ते "जय भीम". मागून दोघंही एवढे हसले की मैत्रिणीचा माझ्या खांद्यावरचा हात थरथरत होता.

"शिकली बाई माझी!" ती म्हणाली.

पुढच्या बाईला मी नीट हॅलो म्हटलं.

टेकड्यांवर झाड नव्हतं. वारा गवतातून वाहत होता आणि गवत एकदा रुपेरी, एकदा हिरवं दिसत होतं. चढावर ती तीनदा-चारदा थांबली. थांबली की बहिणीला शिव्या द्यायची आणि पुन्हा निघायची. शेवटच्या चढावर मी तिचा हात खांद्यावरून काढून हातात घेतला. वर दगडाचा एक लहान खांब होता. तिने त्याच्यावर हात टेकला. मग दुसरा हात टेकला, जणू एकाने मोजलं नसतं.

खाली चारी बाजूंनी शेतं, आणि आम्ही ज्या बाजूने आलो ती पांढरी वाट.

"आता काढा बर्फी," लीडर म्हणाला. "मी पण पळत आलोय."

"काढू कशी? बाकीचे कुठं आहेत?"

"काकू, ते खाली असतील. कदाचित निघूनही गेले असतील. त्याला हीथ्रोला जायचं होतं."

"नाही जाणार," ती म्हणाली, आणि डबा मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसली.

ते गेले नव्हते. थोड्याच वेळात खालच्या पार्किंगच्या बाजूने माणसं वर येताना दिसली. पुढे बूट हातात घेतलेली सून, कोणाच्या तरी मोठ्या चपला घालून. आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत सरदारजी. त्याने हीथ्रोचा पॅसेंजर चुलतभावाच्या गळ्यात घातला होता. वर येऊन तो गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ये लोग बोले ऊपर मिठाई है, पर सबके आए बिना खुलेगी नहीं. तो मैं नीचे बैठके क्या करता?"

मग डबा उघडला. बर्फी प्रवासात थोडी चुरली होती. वाऱ्यात कागद उडत होते, ते पकडत पकडत सगळ्यांनी खाल्ली. मैत्रिणीने तिथूनच नागपूरला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. आधी तिने काहीच सांगितलं नाही, नुसता घास चावण्याचा आवाज ऐकवला. बहिणीला कळलं. तिकडून एवढा मोठा आवाज आला की आम्हा सगळ्यांना ऐकू आला: "खोटं नको बोलू, गाडीनं गेली का?"

तिने फोन माझ्या हातात दिला. "सांग तिला."

मी फोन कानाला लावला आणि ओळख ना पाळख, त्या बाईला म्हटलं, "नाही हो ताई. चालत आली. माझ्याबरोबर."

गुरुवारी ती गेली. ग्रुपने पुढच्या वर्षी दुसरी वाट धरली, आणि रविवारी रात्री नागपूरहून फोन येतो की आज कुठपर्यंत आलात. मी सांगते, फाटकांसकट सांगते. मी अजून शेवटीच चालते, ती जागा मला आवडते. दुपारी पोचते तेव्हा सगळे बंद डब्यांभोवती बसलेले असतात आणि मला बघून टाळ्या वाजवतात, भुकेने. निघताना मी एक मात्र विचारून घेते, सगळ्यांना ऐकू जाईल असं: थांबायचं ते फाटक पहिलं की दुसरं?